सल्ला हवा: मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर ज्येष्ठांना घेऊन जावे का?

गोदाकाठची_लेक (परभणी):
सासूबाई, आम्ही दोघे आणि शाळकरी मुलगा असे चौघे दिवाळीनंतर मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर जाण्याचा विचार करीत आहोत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि घाटात त्यांना हमखास गाडी लागते. शाकाहारी जेवणाची व्यवस्था, बोट लागण्याचा त्रास आणि जाहिरातीतील किमतीपलीकडे येणारा खर्च यांविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बालाघाटचा_प्रवासी (लातूर):
ताई, जेवणाची काळजी सोडा. आपल्याकडच्या जहाजांवर प्रवासी बहुतेक भारतीय असल्याने शाकाहारीच नव्हे, तर जैन जेवणही मिळते. फक्त ते आरक्षण करतानाच सांगून ठेवावे. खरा प्रश्न हिशेबाचा आहे. जाहिरातीतील दर सहसा एका केबिनमध्ये दोघे राहतील असे गृहीत धरून माणशी दिलेला असतो आणि त्यात राहणे, ठरावीक उपाहारगृहांतील जेवण व बरेचसे करमणुकीचे कार्यक्रम येतात; मात्र बंदरशुल्क, कर, कर्मचाऱ्यांसाठी दररोज माणशी आकारली जाणारी टिप, इंटरनेट, मद्य आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचा आकडा बहुधा वेगळा असतो. म्हणून एजंटाकडून 'सर्व धरून चौघांचे किती' हे लेखी घ्यावे. आमच्या एजंटाने टिपेचा उल्लेखच केला नव्हता आणि उतरण्याच्या आदल्या रात्री बिल पाहून घरात जो संवाद झाला, तो येथे लिहिण्याजोगा नाही.

भर समुद्रात मोबाइल जहाजाचे उपग्रह नेटवर्क पकडतो. नेहमीचा रिचार्ज तेथे चालत नाही आणि रोमिंगचे दर फार असतात, त्यामुळे किनारा सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा. मुलाच्या हाती फोन असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

वैद्य_निवृत्त (छत्रपती संभाजीनगर):
ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यता अधिक असते, परंतु तेवढ्यावरून बेत रद्द करण्याचे कारण नाही. मोठ्या जहाजांना डोलणे कमी करणारे, माशाच्या परासारखे पंख (स्टॅबिलायझर) पाण्याखाली बसवलेले असतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात अरबी समुद्र पावसाळ्याच्या मानाने पुष्कळच शांत असतो. लाटांवर जहाजाची दोन्ही टोके अधिक वरखाली होतात आणि मध्यभाग कमी हलतो, म्हणून केबिन खालच्या मजल्यावर, लांबीच्या मधोमध आणि लिफ्टजवळ मागावी. बाल्कनीची हौस असली तरी ती वरच्या मजल्यांवर असते, याचा विचार करावा. मळमळ थांबवणारी गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते, शिवाय तिने झोप येते. सासूबाईंना इतर औषधे चालू असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून ती देऊ नये.

माझी खरी शंका लक्षद्वीपबद्दल आहे. तेथे मोठे जहाज प्रवाळांच्या बाहेर थांबते आणि प्रवाशांना लहान होडीतून बेटावर नेतात. हलत्या होडीत पाऊल टाकणे दुखऱ्या गुडघ्यांना अवघड जाते. शिवाय समुद्र खवळलेला असला तर कप्तान उतरणेच रद्द करू शकतो आणि करारानुसार त्याला तो अधिकार असतो. बेट पाहणे हाच मुख्य हेतू असेल तर कोचीहून विमानाने लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर जाणे बरे. जहाजावर निवांत बसून पाणी पाहण्यात सासूबाईंना आनंद वाटणार असेल, तर मात्र क्रूझसारखी सोय नाही, कारण सामान एकदाच लावायचे आणि जेवण, कार्यक्रम, डेक हे सगळे लिफ्टच्या अंतरावर.

गोदाकाठची_लेक:
डॉक्टरकाका, दादा, मनःपूर्वक आभार. सासूबाईंना विचारले, बेटाचे त्यांना काहीच नाही, समुद्र पाहायचा आहे. त्यामुळे लक्षद्वीपऐवजी मुंबई-गोवा ही छोटी फेरी पाहत आहोत. देवगिरी एक्सप्रेसने सकाळी मुंबईला पोहोचून त्याच दिवशी जहाजावर चढता येईल का?

बालाघाटचा_प्रवासी:
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटते तो धक्का, अगदी जवळ आहे, पण गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि चढण्याची वेळ सुटण्याच्या बरीच आधी संपते. आदल्या दिवशीच मुंबई गाठा. सर्वांची मूळ ओळखपत्रे आणि सासूबाईंची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा तुमच्याकडून आधीच घेतल्या जातात आणि केबिनमध्ये यायला कधीकधी संध्याकाळ होते.