मदत हवी आहे: धन-उणे १२ व्होल्टच्या पॉवर सप्लायमध्ये संध्याकाळीच हमिंग येते

नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी विठ्ठल मंदिरात रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. भजनी मंडळाच्या चार माइकसाठी मी घरीच एक छोटा मिक्सर तयार केला असून त्याला लागणारा धन १२ आणि उणे १२ व्होल्टचा पॉवर सप्लायही स्वतःच जोडला आहे. मिक्सरबद्दल माझी तक्रार नाही. अडचण पॉवर सप्लायची आहे आणि ती दुहेरी आहे, म्हणून सर्व तपशील एकदाच देतो.

लाइनच्या फेज तारेवर स्विच आणि २५० मिलिअँपिअरचा फ्यूज असून त्यापुढे १२-०-१२ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या बाहेरच्या दोन तारा चार १एन४००७ डायोडच्या ब्रिजला गेल्या आहेत, आणि मधली तार हेच संपूर्ण सर्किटचे ग्राउंड आहे. ब्रिजच्या धन टोकापासून ग्राउंडपर्यंत १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा एक कपॅसिटर आणि ग्राउंडपासून उणे टोकापर्यंत तसाच दुसरा आहे. या दुसऱ्याचे धन टोक ग्राउंडला जोडायचे असते, हे मी विसरलेलो नाही. पुढे व्होल्ट स्थिर ठेवणारे ७८१२ (धन १२ साठी) आणि ७९१२ (उणे १२ साठी) हे रेग्युलेटर आयसी आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना छोटे कपॅसिटर आहेत. दोन्ही आयसींच्या पायांचा क्रम वेगळा असतो, म्हणजे समोरून पाहिले तर ७८१२ मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट आणि ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट, हेही तपासूनच झिरो बोर्डवर (भोके असलेल्या साध्या सर्किट बोर्डवर) सोल्डर केले आहे.

पहिली अडचण अशी. मिक्सर जोडून चालवल्यावर ७८१२ इतका तापत असे की त्यावर बोट ठेवता येत नव्हते, म्हणून मी खिडकीच्या कामातून उरलेली ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन दोन्ही रेग्युलेटर शेजारी शेजारी स्क्रूने त्या एकाच पट्टीवर बसवले. स्विच चालू करताच ट्रान्सफॉर्मर जोरात घुमला आणि फ्यूज गेला. फ्यूज बदलला, तोही गेला. मल्टिमीटरने पाहिले तर ७९१२ चे इनपुट आणि ती पट्टी यांच्यात सरळ बीप येत होता. आयसी बनावट असावा असे समजून पुण्याच्या तपकीर गल्लीतून दुसरा मागवला, तरी तोच प्रकार घडला. सध्या पट्टी फक्त ७८१२ ला ठेवली आहे आणि ७९१२ मोकळा आहे, त्यामुळे सप्लाय चालतो; पण कारण कळल्याशिवाय तो मंदिरात कायमचा बसवण्याचे धाडस होत नाही.

दुसरी अडचण मला अधिक छळते आहे. हरिपाठाच्या वेळी स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो आणि तोही सलग नव्हे. पखवाज उठला आणि टाळ वाजू लागले की येतो, बुवा एकटे म्हणत असताना नाहीसा होतो. याउलट कार्तिकात पहाटे काकड्याला हाच मिक्सर, याच तारा आणि हेच माइक असताना कधीही हमिंग आले नाही. माइकच्या केबल बदलून झाल्या, ग्राउंड पुन्हा सोल्डर करून झाले, फरक पडला नाही.

शेवटी पहाटे आणि संध्याकाळी, असे दोनदा मल्टिमीटर घेऊन बसलो. पहाटे पाच वाजता लाइन २३६ व्होल्ट होती. सर्व माइक चालू असताना ७८१२ च्या इनपुटवर १७.१ आणि आउटपुटवर १२.० व्होल्ट मिळाले. संध्याकाळी सात वाजता, शेतीपंप सुरू असताना, लाइन १८८ वर आली होती; तेव्हा मोठ्या आवाजाच्या क्षणी ७८१२ च्या इनपुटवर १३.२ आणि आउटपुटवर केवळ ११.४ व्होल्ट होते. उणे बाजू मात्र पूर्ण वेळ बरोबर १२ वर स्थिर होती, आणि हेच मला उमगत नाही. एकाच ट्रान्सफॉर्मरच्या दोन सारख्या बाजूंपैकी एकच का खचावी?

मिक्सरमध्ये माइकचा आवाज वाढवणारे सहा टीएल०७२ ऑप-ॲम्प आयसी आहेत. त्याखेरीज आवाजाची पातळी दाखवण्यासाठी एलएम३९१५ चे दोन मीटर असून प्रत्येकात दहा एलईडी आहेत. १००० ऐवजी ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घातल्यास काम भागेल का, की ट्रान्सफॉर्मरच बदलावा लागेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण मोजमापे दिलीत, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. सहसा अशा प्रश्नात ‘सप्लायमधून आवाज येतो, काय करू’ एवढेच लिहिलेले असते.

आपले दोन्ही ७९१२ निर्दोष आहेत. ७८१२ चा स्क्रूने कसायचा धातूचा पत्रा आतून ग्राउंडला जोडलेला असतो, पण ७९१२ चा पत्रा त्याच्या इनपुटला, म्हणजे रेग्युलेट न झालेल्या उणे व्होल्टला जोडलेला असतो. एका पट्टीवर दोन्ही कसले की उणे बाजूचा कपॅसिटर थेट ग्राउंडला शॉर्ट होतो, आणि तो बीप त्याचाच होता. ७९१२ च्या खाली मायका वॉशर, स्क्रूभोवती प्लास्टिकची बुश आणि दोन्हीकडे थोडी हीट सिंक पेस्ट लावा, नाहीतर त्याला वेगळी पट्टी द्या. पुढच्या वेळी चालू करताना लाइनमध्ये ६० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजला लावा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. फ्यूजचा खर्च वाचेल.

आता हमिंग. टीएल०७२ मध्ये दोन ऑप-ॲम्प असतात आणि एकाला साधारण दीड मिलिअँपिअर लागतो, म्हणजे सहा आयसींचे मिळून वीसच्या आसपास, आणि तो धन व उणे बाजूंवर सारखाच असतो. पण आपले मीटर फक्त धन बाजूवर आहेत. ते बार पद्धतीने जोडले असतील तर मोठ्या आवाजाला वीसच्या वीस एलईडी एकदम पेटतात. प्रत्येकी १० मिलिअँपिअर धरले तरी २०० होतात, आणि बाकीचे आयसी धरून सुमारे २३०. पखवाजाबरोबर हमिंग येते ते यामुळेच. ब्रिजनंतर कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतो, म्हणजे दोन भरण्यांमधल्या १० मिलिसेकंदांत त्याने एकट्याने भार ओढायचा असतो, आणि १००० मायक्रोफॅरडवर २३० मिलिअँपिअर ओढले की व्होल्ट सुमारे २.३ ने खाली जातो. मल्टिमीटर १३.२ दाखवतो ती सरासरी आहे. तळ त्याहून एक व्होल्टभर खाली, बाराच्या जवळ आहे. ७८१२ ला आउटपुटपेक्षा दोन व्होल्ट जास्त लागतात, ते मिळाले नाहीत की तळाचा तो भाग तसाच पुढे जातो आणि स्पीकरमध्ये १०० हर्ट्झची घुंघुं ऐकू येते.

४७०० घातल्याने तळ वर येईल, शिखर मात्र तेवढेच, सुमारे १४ व्होल्ट राहील. लाइन आणखी उतरली की पुन्हा तीच रड. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एलएम३९१५ ची ९ क्रमांकाची पिन सप्लायवरून काढून मोकळी सोडणे. मग बारऐवजी एकच ठिपका पेटेल आणि भार जवळजवळ नाहीसा होईल. बारच हवा असेल तर १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर घ्या, पण तेव्हा कपॅसिटर ३५ व्होल्टचेच वापरा, कारण रात्री भार नसताना आणि लाइन २५० वर गेली असताना २५ व्होल्टची मर्यादा ओलांडली जाईल. ७८१२ मध्ये पहाटे दोन वॉटहून अधिक उष्णता होईल, म्हणून पट्टी आवश्यकच आहे.

आणखी दोन गोष्टी. दोन्ही आउटपुटपासून ग्राउंडकडे एकेक १एन४००७ उलटा जोडा. ऑप-ॲम्प दोन्ही बाजूंच्या मध्ये असल्याने सुरू होताना एक रेग्युलेटर दुसऱ्याला उलट्या दिशेने ओढू शकतो. आणि पेटी धातूची असेल तर तिला तीन पिनांच्या प्लगचे अर्थिंग मिळते का, हे प्रत्यक्ष मोजा. माइक माणसांच्या हातात असतो.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. पिन ९ मोकळी करून त्याच संध्याकाळी पाहिले, आणि हमिंग पूर्णपणे थांबले. परंतु बुवांना बारच हवा आहे. टाळांबरोबर दिवे चढताना दिसले नाहीत तर मशीन बिघडले असे मंडळींना वाटते, आणि तसे दोघांनी येऊन मला सांगितलेही. त्यामुळे १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, ३५ व्होल्टचे २२०० मायक्रोफॅरड आणि ७९१२ खाली मायका असे सर्व बसवून, सिरीजचा बल्ब लावून चालू केले. बल्ब पेटला आणि लगेच मंदावला.

काल हरिपाठाला लाइन १८६ व्होल्ट होती. सगळे बार चढलेले असताना ७८१२ च्या इनपुटवर १७ व्होल्ट आणि आउटपुटवर बरोबर १२ मिळाले, आणि पखवाज सुरू असताना स्पीकरला कान लावूनही काही ऐकू आले नाही. मंदिरातील बोर्डाच्या अर्थिंगची तार मात्र भिंतीमागे तुटलेली सापडली. ती नव्याने ओढून घेईपर्यंत पेटी माझ्याच घरी ठेवली आहे.