मदत हवी आहे: नेपाळ बॉर्डरवरची कीटकनाशक तपासणी
नमस्कार मंडळी, एमएस्सी अ‍ॅग्रीच्या सेमिनारला विषय घेतलाय, शेजारी देश कीटकनाशकांचे नियम एकमेकांशी जुळवतात का. जून २०१९ मधे नेपाळने भारतातून येणाऱ्या भाज्या-फळांची रेसिड्यू टेस्ट (मालात उरलेल्या कीटकनाशकाच्या अंशाची तपासणी) कंपल्सरी केली, नाक्यांवर धड लॅब नाहीत म्हणून ट्रक अडकले, भारतीय दूतावासाचं पत्र गेलं आणि जुलैत नेपाळ सरकारने निर्णय फिरवला. काठमांडूच्या कालीमाटी बाजारातली रॅपिड टेस्ट पण फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट अन कार्बामेट या दोन गटांतली कीटकनाशकंच पकडते, म्हणजे बाकीची बिनबोभाट आत! तर भारतातल्या लॅबचा रिपोर्ट तिकडे चालावा असं दोघांत काही लेखी ठरलंय का, कुठे वाचायला मिळेल? तिकडे माल पाठवणारं कोणी असेल तर सोबत कोणते कागद देता तेही सांगा, गाईड म्हणतात नुसती पेपरची कात्रणं चालणार नाहीत.