मदत हवी आहे : पेट्रोल गोल्फ कार्टला मोठं इंजिन बसवायचंय

रामराम मंडळी. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं शेत आहे, थोडं चढावर. पाहुणे आणि वैरण, दोन्ही वाहायला क्लब कार कंपनीची जुनी गोल्फ कार्ट घेतली (वडील म्हणाले, म्हैस आली असती एवढ्यात!). कावासाकीचं 286 सीसी इंजिन आहे. सपाटीला झकास पळते, चढावर चौघं बसले की रडते. इंजिन धूरही टाकायला लागलंय. तेव्हा दुरुस्तीपेक्षा होंडाचं जीएक्स 390, म्हणजे 389 सीसीचं, बसवावं असा विचार आहे.

अडलंय ते क्लचपाशी (यात दोन क्लच असतात, एक इंजिनावर, एक मागच्या एक्सलवर, मध्ये बेल्ट). जुन्या इंजिनाच्या क्रँकचं (क्लच बसतो त्या दांड्याचं) टोक निमुळतं, नव्याचा शाफ्ट सरळ, की-वे म्हणजे पाचरीची खाच असलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर अडॅप्टर करून मिळेल, पण जरा जरी वाकडा फिरला तर बेल्ट आणि इंजिनाचं ऑइल सील दोन्ही खाणार. त्यापेक्षा सरळ बोअरचा (सरळ भोकाचा) क्लचच घेतलेला बरा का? दोन्ही क्लचमधलं अंतर आणि रेषा इंजिनाखालची प्लेट वेल्ड करताना कशी धरली?

दुसरं, आत्ता पेडल दाबलं की स्टार्टर-जनरेटर बेल्टनं इंजिन सुरू करतो. तो ठेवायचा, की नव्या इंजिनाचा सेल्फ वापरून चावीनं सुरू करायचं? मग बॅटरी चार्जिंगचं काय?

गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढ म्हणणारे भेटलेत. ते नको. ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत, तेही ड्रमचे. मला वेग नको, ओढ पाहिजे.

कुणी स्वतः केलं असेल तर फोटो टाका भावांनो. गाडी रस्त्यावर काढणार नाही, बांधाच्या आतच.