अ‍ॅल्युमिनियम प्लेटमध्ये मोठी खिडकी: सगळं खरवडायचं की कडेने कापून मधला तुकडा काढायचा?

शिकाऊ_मिलर
६०६१-टी६ (उष्णतेने कडक केलेला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) ची १२ मिमी प्लेट आहे. मधोमध २०० × १५० मिमीची आरपार खिडकी हवी, कोपऱ्यांना ५ मिमी रेडियस. मशीन हलकं गॅन्ट्री राउटर, २.२ किलोवॅटचा स्पिंडल, २४,००० आरपीएमपर्यंत जातो. काल ६ मिमीच्या चार फ्लूटच्या (कापलेला धातू बाहेर नेणाऱ्या खाचांच्या) एंडमिलने, म्हणजे फिरत्या कटरने, कडेने स्लॉट (चर) मारायला घेतला. तिसऱ्याच थराला आवाज बदलला. टूल काढून बघतो तर फ्लूटमध्ये धातू असा गच्च बसलेला, की कटर आहे की पेन्सिल कळेना. एक जण म्हणतो, सगळं पॉकेट करून टाक, म्हणजे आतला सगळा धातू खरवडून काढ. दुसरा म्हणतो, तो वेडेपणा आहे. कोणाचं ऐकू?

कडेकडेने
चार फ्लूट तिथेच चुकले. अ‍ॅल्युमिनियमची चिप (कापून निघणारा कण) जाड आणि चिकट, तिला बाहेर पडायला जागा लागते. स्लॉटसाठी एका फ्लूटचा, पॉलिश केलेला कार्बाइड कटर घे. ६ मिमी, १८,००० आरपीएम, दाताला ०.०५ मिमी, म्हणजे मिनिटाला ९०० मिमी फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग). थर १ मिमीचा. एअर ब्लास्ट सतत चालू.
आणि पॉकेट कशाला? खिडकीत ३६० घन सेंमी धातू आहे, जवळजवळ एक किलो. सगळ्याचा भुगा करणार? ७ मिमी रुंद स्लॉट मारलास तर दीडशे ग्रॅम भुगा निघेल आणि आठशे ग्रॅमचा सरळ तुकडा पुढच्या जॉबला हातात राहील.

भुगा_पार्टी
हा किलो-ग्रॅमचा हिशेब नेहमी ऐकतो. वेळेचा कोणी मांडत नाही, म्हणून मीच मांडतो.
७ मिमी रुंदीसाठी ६ च्या कटरला प्रत्येक थरात दोन फेऱ्या. एक फेरी साधारण ६७० मिमी, १२ थर, म्हणजे १६ मीटर कापणं. ९०० च्या फीडला १८ मिनिटं. आता ८ मिमीचा तीन फ्लूटचा घे, १६,००० आरपीएम, खोली पूर्ण १२ मिमी, स्टेपओव्हर (दर फेरीला बाजूने सरकणं) फक्त ०.८ मिमी. फीड २,४०० ठेवलं तरी मिनिटाला २३ घन सेंमी निघतात. सगळी खिडकी १६ मिनिटांत साफ. शिवाय १० टक्के स्टेपओव्हरला चिपची खरी जाडी दाताच्या फीडच्या ६० टक्केच पडते, म्हणजे फीड अजून वाढवायला हवं. नाहीतर टूल कापत नाही, घासतं.
स्लॉटमध्ये कटर अर्ध्या परिघाने धातूत रुतलेला असतो. वरून १० मिमी खोल गेल्यावर चिप तिथेच घुटमळते, पुन्हा कापली जाते आणि टूलला वितळून चिकटते. आवाज बदलला तो त्याचाच. फ्लूट एक करा नाहीतर अर्धा करा, खोल चरात हे होणारच.

कडेकडेने
कागदावर २,४०० ठीक आहे. हलक्या गॅन्ट्रीवर अ‍ॅडॅप्टिव्हच्या (तू सांगतोस त्या पूर्ण खोल, बारीक स्टेपओव्हरच्या पद्धतीच्या) छोट्या वळणांत मशीन कधी २,४०० गाठतं का? वेग घेतो न घेतो तोच पुढचं वळण. तुझे १६ चे तीस होतील. व्हीएमसीवर (जड, दणकट मिलिंग मशीनवर) मीही तुझ्यासारखंच करेन, वाद नाही. इथे मशीन कोणतं आहे ते बघ.
आणि खोल चरात चिप अडकते म्हणून तर ७ मिमी म्हटलं, ६ नाही. कडेला एक मिमी मोकळा असला की हवा आत पोचते.

कानस_हातात
तुम्ही दोघं भांडा, पण खरा धोका कोणीच सांगितला नाही. शेवटच्या थराला मधला तुकडा सुटतो, किंचित तिरका होतो आणि कटर आणि भिंत यांच्यात फसतो. मी टॅब (तुकडा धरून ठेवणारे न कापलेले पूल) ठेवले होते चार, फक्त ०.५ मिमी जाडीचे. दुसरा टॅब तुटला, तुकडा फिरला, कटर दोन ठिकाणी मोडला आणि एक तुकडा कव्हरवर आपटला. गॉगल होता म्हणून आज हे टाईप करतोय.
आता मी टॅबच्या नादी लागत नाही. कापण्याआधी मधल्या भागात चार भोकं पाडतो आणि तो स्क्रूने खालच्या भंगार बोर्डाला आवळतो. बाहेरची चौकट क्लॅम्पने वेगळी. दोन्ही भाग जागेवरच राहतात, मग कापा बिनधास्त आरपार.

भुगा_पार्टी
पॉकेट केलं तर तुकडाच उरत नाही, आवळायचं काय?

कानस_हातात
मान्य. पण टी६ ची साधी प्लेट असेल तर मधला भाग गेला की चौकट थोडी उघडते किंवा मिटते, पॉकेट करा नाहीतर स्लॉट. आतला ताण काढण्यासाठी ताणून घेतलेली टी६५१ असेल तर त्रास कमी. म्हणून भिंतीला ०.३ मिमी ठेवायचं, बाहेरचे क्लॅम्प एकदा सैल करून पुन्हा आवळायचे, मगच फिनिश पास (शेवटची बारीक फेरी). हे सोडून मापाच्या गप्पा नकोत.

कोटिंगवाला
वादाबाहेरचं: टायटॅनियम अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचं काळपट कोटिंग घेऊ नकोस. त्यात अ‍ॅल्युमिनियमच आहे, चिकटायला आमंत्रण. बिनकोटिंगचा, झिर्कोनियम नायट्राइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचं कोटिंग) चालेल. आणि सरळ खाली भोसकू नकोस, २-३ अंशांच्या उताराने उतर.

शिकाऊ_मिलर
झालं! स्लॉटच मारला, एका फ्लूटने, तुकडा स्क्रूने आवळून. काही चिकटलं नाही. दोन्ही क्लॅम्प सोडल्यावर एका बाजूला ०.१५ मिमी फरक दिसला, ०.३ मध्ये निघून गेला. फक्त दोन कोपऱ्यांत बारीक रेषा आल्या आहेत.

भुगा_पार्टी
कोलेटच्या (टूल धरणाऱ्या पकडीच्या) बाहेर टूल किती काढलं होतंस?

शिकाऊ_मिलर
३५ मिमी. क्लॅम्पला लागू नये म्हणून.

भुगा_पार्टी
टूलचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. १८ वर आणलं असतंस तर सातपट कमी वाकलं असतं. क्लॅम्प बुटके कर, टूल लांब करू नकोस.

कडेकडेने
निदान एका गोष्टीवर एकमत. पॉकेटवर नाही.