धुरानं थंडावा मिळते म्हणणाऱ्या भाऊसाठी

महालचा मास्तर: काल 'ऊनसावली' यांनी लिहिलं, "धुराचे कण ऊन परतवतात. किती, हे शास्त्रज्ञांनाच ठाऊक नाही. मग वीजकेंद्रांच्या चिमण्यांना गंधक पकडणारी यंत्रं लावायची घाई कशाला?" वाचून डोकं फिरलं. अहो, आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, 2021 च्या अहवालात एरोसोलचा (हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा) आकडा आहे: चौरस मीटरला उणे 1.1 वॅट (उणे म्हणजे थंडावा), आवाका उणे 0.4 ते उणे 1.7. थंडावा आहे हे पक्कं, किती ते सैल. सैल ढगांपायी. कण वाढले की ढगातले थेंब बारीक होतात, ढग जास्त पांढरा होतो, इथवर ठीक. पण तो मग जास्त टिकतो की लवकर विरतो, तिथं घोडं अडते. त्यात हा हिशेब 1750 च्या तुलनेत, अन् तेव्हा हवा किती स्वच्छ होती, हे मोजायला कोण बसलं होतं? आणि काजळी तर उलट ऊन शोषून हवा तापवते.

ऊनसावली: म्हणजे थंडावा आहे, हे तुम्हीच बोलून राहिले! 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, जग अर्धा अंश थंड झालं.

महालचा मास्तर: पिनाटुबोचं गंधक स्थितांबरात, ढगांच्याही वरच्या थरात गेलं, वर्ष-दोन वर्षं टिकलं. चिमणीचं आठवडाभरात खाली येते. मधल्या काळात तुमच्या-आमच्या छातीत. त्याच चिमणीतला कार्बन डायऑक्साइड मात्र शतकं मुक्काम ठोकते.

वाळवणवाली: माझ्या सासरच्या गच्चीवरून एका वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. कुरडयांवर आईंची जुनी पांढरी साडी टाकायचो. संध्याकाळी उचलली की साडी राखाडी, खाली घडीच्या रेघा तेवढ्या पांढऱ्या. वॅट ठेवा तुमच्याजवळ.

ऊनसावली: ताई, ती राख. गंधकाचे कण, म्हणजे सल्फेट, डोळ्याला दिसत नाही.

वाळवणवाली: दिसत नाही म्हणून पोराचा दम्याचा पंप फेकून देऊ काय?

खामल्याचा भाऊ: तुम्ही काऊन भांडून राहिले? खरा गुन्हेगार सिमेंट रोड! आमचा उंबरठा रस्त्याच्या खाली गेला. रात्री अकराला फाटकाला हात लावा, चटका बसते. 56 अंश उगाच झाले का?

महालचा मास्तर: मे 2024 चे 56? सेन्सर बिघडला होता, हवामान खात्यानंच सांगितलं. नागपूरचा विक्रम 47.9, 23 मे 2013.

खामल्याचा भाऊ: त्या दिवशी मी दुपारी दोनला रामदासपेठेत स्कूटरवर होतो. सेन्सर होता का तिथं तुमच्यासोबत? 56 च होते.

महालचा मास्तर: सेन्सर तिथंच होता, तोच तर बिघडला होता!

खामल्याचा भाऊ: मग मीही बिघडलो होतो म्हणा. दुपट्टा ओला करून निघालो, चौकात पोहोचेतो कडक.

ऊनसावली: बरं मास्तर, लावा यंत्रं. पण धूर हटल्यावर पारा चढला तर?

महालचा मास्तर: थोडा चढेल, नाकारत नाही. जहाजांच्या इंधनातलं गंधक 2020 पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं, त्यानं किती भर पडली यावर अजून वाद सुरू आहे. म्हणून तर कोळसाही कमी करा म्हणतो.

ऊनसावली: आणि कूलर कशावर चालवू, तुमच्या भाषणावर?

खामल्याचा भाऊ: 56 च होते.