मिठी नदीवर प्रायोगिक फिल्म करतेय, गाइड विचारतायत ह्यात रिसर्च कुठेय

माहीमची_पोर:
पीएचडीसाठी मुंबईतली मिठी नदी आणि २६ जुलैच्या पुराच्या आठवणींवर फिल्म करतेय, फिल्म हाच थिसिसचा मुख्य भाग आणि जोडीला लेखी भाग. गाइड म्हणतात सरळ मुलाखती घे आणि चॅप्टर लिही. पण २००५ बद्दल विचारलं की सगळे ९४४ मिलिमीटर पाऊस सांगतात, ते बातम्यांतलं, स्वतःचं काही निघतच नाही. कॅमेऱ्याने निघेल असं मला वाटतंय, पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, "वाटतंय" कसं चालणार?

उधाण_भांग:
अगं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे. मुलाखतीत आकडा येतो आणि फिल्मने दुसरं काहीतरी येतं, हे दाखवलंस की झाला रिसर्च. शूट केलेलं त्याच लोकांना दाखव आणि बघताना ते काय बोलतात तेही रेकॉर्ड कर, फ्रेंच फिल्मकार ज्याँ रूश हेच करायचा. अजून एक, शूटिंग घड्याळावर नको, भरतीवर लाव. त्या दिवशी पावसाचं पाणी तुंबलं त्यात भरतीचाही हात होता ना. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कोळीवाड्यातले म्हातारे तिथीवरून सांगतात, पुनवेला-अवसेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे छोटी. माहीम कॉजवेवरून एकच फ्रेम धर, पंधरवडाभर. मग फिल्मची रचनाच त्यांच्या हिशोबातून येते, गाइडना हे नक्की पटेल.

डार्करूम_दादर:
ब्लॅक अँड व्हाइट १६ एमएम मिळाली तर कॅफेनॉलमध्ये डेव्हलप कर, इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी. एक तुकडा मिठीच्या पाण्यात, एक नळाच्या, म्हणजे तुलना करता येईल. ग्लोव्हज घाल हां, नाहीतर त्या पाण्याने लेप्टोचा ताप येईल.

कोपऱ्यातला_काका:
सगळं ठीक, पण धूसर शॉट आणि खाली घूंऽऽ आवाज लावून "स्मृती" म्हणायचं हे फार झालंय आता. डायरी ठेव. तारीख, तिथी, लेन्स, माइक कुठे होता, शॉट का घेतला, का टाकला. व्हायव्हात तीच कामाला येते, फिल्म बघून परीक्षक नुसती मान डोलावतात. आणि ज्यांना शूट करतेस त्या मावश्यांना आधी विचार, फुटेज कुठे कुठे दाखवणार ते सांगून.

माहीमची_पोर:
काका, डायरी आहे पण "का टाकला" कधीच लिहिलं नव्हतं 😅 तिथीचं आजच मेल करते. हायपो, म्हणजे फिल्म पक्की करायचं रसायन, वापरून झाला की कुठे ओतायचा?

डार्करूम_दादर:
मोरीत तर अजिबात नको, चांदी असते त्यात, आणि विषय काय घेतलायस बघ. कॅनमध्ये साठव. एक्सरेवाल्यांचा हायपो चांदीसाठी नेणारे असतात, तुझा एवढासा बघून हसतील पण नेतील.