जेलीफिश न फाटता पकडेल असा ग्रिपर, बोटांत हवा भरू की पाणी?

बडोदेकर_मेक: नमस्कार मंडळी, मी वडोदऱ्याची, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. खोल समुद्रातले नाजूक जीव उचलणारा ग्रिपर प्रोजेक्टला घेतलाय. मोटरची दोन बोटांची पकड केली, पण टेस्टला ठेवलेली चायना ग्रासची जेली दर वेळी चिरते, आणि खऱ्या जेलीफिशच्या अंगात तर ९५ टक्के पाणीच. सिलिकॉनची बोटं हवेवर चालवू का?

सयाजीगंज_दादा: ताई, हवा नको, पाणी भर. दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो, ५०० मीटरवर हवा पार चेपून जाईल, पाणी जवळजवळ दबतच नाही. हार्वर्डच्या लोकांनी २०१९ मध्ये शेवयांसारखी लुळी सहा बोटं केली होती, चपटं सिलिकॉन, आत पोकळ वाट आणि एका बाजूला नॅनोफायबरचा, म्हणजे अतिसूक्ष्म धाग्यांचा थर. तो थर ताणला जात नाही म्हणून पाणी भरलं की बोट त्याच बाजूला वळतं. फार सुंदर कल्पना आहे ही!

रावपुरा_७: मला तर वाटतं पकडूच नये, घेरावं. २०१८ चा घडीचा सॅम्पलर, म्हणजे नमुने गोळा करायचं यंत्र बघ, पाकळ्या मिटून बारा बाजूंचं डबडं होतं, तेही एकाच मोटरवर, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या समुद्रात ५०० ते ७०० मीटरवर जीव घेऊन सुखरूप सोडले. पण प्रवाळाचा तुकडा उचलायचा तर बोटंच हवीत.

बडोदेकर_मेक: दादा, खूप आभार! नॅनोफायबर नाही मिळणार, पातळ कापड चिकटवून बघते, रविवारी घरच्या टाकीत टेस्ट.

सयाजीगंज_दादा: कापड चालेल, फक्त साच्यात सिलिकॉन ओतताना बुडबुडे राहू देऊ नकोस, बोट तिथेच फुटतं.